पोपटाची चोच

हिंगणघाटच्या बसस्थानकावर माझ्या मागच्या बाकावर दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"कमला, हा पोपट कायचा वं? लय चमकून राह्यला!"

"जुन्या साडीच्या टिकल्या हायेत. थर्माकोलवर चौकटी आखून टाचणीनं टोचल्या. घरचे सारेच बसलो."

"अन् चोच किती लाल!"

"आमच्याजवळ लाल नव्हत्याच. माही गुंजन काकूले मागाले गेली. त जाऊ सोताच घेऊन आली."

"जाऊ? वाटणीपासून बोलणं बंद होतं ना तुमचं?"

"होतं. चोच तिनंच टोचली, चहा पिऊन गेली. भलं होवो माह्या पोरीचं!"

"मंग गोंदानं चिकटवून भिंतीवर लाव."

"नाई वं. आईले दाखवते, अन् घरी गेल्यावर साऱ्या टिकल्या काढते."

"काऊन? इतकी मेहनत!"

"चिकटवला, त उद्या जाऊ पुन्हा टोचाले कायले येईन?"