पाच नंबरच्या कॉटची ४.३७ ची नोंद

जबाब देणार: घड्याळवाल्या काकू (बाजारात आणि वॉर्डात याच नावाने ओळख), वय ५७ वर्षे, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार दुकानामागची खोली.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. पोटाला चार टाके आहेत, ते परवा निघतील. मुलगी म्हणाली, टाके निघू देत, मग जा. तोवर आमच्या वॉर्डातल्या सिस्टरची इस्पितळातली चौकशी उरकून जाईल, म्हणून आजच आले.

मागच्या मंगळवारी माझे पित्ताशय काढले. मी बायकांच्या वॉर्डात चार नंबरच्या कॉटवर होते. पाच नंबरवर एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांचे आतड्याचे ऑपरेशन, म्हणजे माझ्याहून मोठे, त्याच दिवशी झाले. वॉर्डाचा नियम असा की वारा सरल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. भूल दिली आणि पोट उघडले की आतडी झोपतात, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावले होते. लहान आतडे लवकर उठते, मोठे सगळ्यात शेवटी. खालून वारा आला म्हणजे रस्ता वरपासून खालपर्यंत मोकळा. डॉक्टर वयाने लहान पण बोलायला मोकळे. म्हणाले, "धडधाकट माणूस दिवसातून दहा-पंधरा वेळा सोडतो. थोडी गिळलेली हवा, बाकी आतड्यातल्या जंतूंनी केलेला वायू. त्यातल्या बहुतेकाला वासच नसतो. नाव खराब करतो तो चिमूटभर गंधक." यावर दोन नंबरच्या आजी म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांच्यात निव्वळ गंधकच भरलंय." सगळा वॉर्ड टाक्यांवर हात धरून हसला. हे जबाबात नको, असे हवालदार म्हणाले. मी राहू द्या म्हटले, कारण तिथे या गोष्टीची चेष्टा किती चालायची हे साहेबांना कळायला हवे.

गुरुवारी भेटीच्या वेळी माझ्या विहीणबाई आल्या. मुलीच्या लग्नाला आठ महिने झाले. विहीणबाई मोजके बोलणाऱ्या, कपड्यांची इस्त्री कधी न मोडणाऱ्या. त्यांच्यासमोर मी जांभईसुद्धा गिळते. माझ्या मनगटावरच्या घड्याळात चार वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली असता मी कूस बदलली आणि पादले. जड कपाट फरशीवरून सरकवावे तसा आवाज झाला.

इथे हवालदार थांबले. "काकू, 'आवाज झाला' एवढंच लिहितो. उगाच कशाला?"

मी म्हटले, "आवाज भांडं पडल्याचाही होतो. मी पादले असं लिहा. तेवढ्यासाठीच आलेय मी."

विहीणबाई खिडकीकडे बघू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाच नंबरच्या बाई इंजेक्शनच्या गुंगीत डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून मी म्हणाले, "सुटल्या बाई एकदाच्या! सिस्टर, लिहून घ्या." बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर लगबगीने आल्या. त्यांनी बाईंच्या खांद्याला हात लावून विचारले, "ताई, सरला का वारा?" बाई गुंगीतच "हं" म्हणाल्या. सिस्टरने नोंद केली. नोंदीत वेळ ४.३७ आहे, ती मला इथे दाखवली. वॉर्डातले घड्याळ चार मिनिटे मागे आहे, हे मी पहिल्याच दिवशी ताडले होते. म्हणजे कागदावरचा वारा माझाच आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

मला बोलायला भरपूर वेळ होता. विहीणबाई सव्वापाचला गेल्या. सहाला बाईंना चहा दिला, तो मी पाहिला. वाटले, एका चहाने काय होते, एवढ्यात त्यांचाही सरेल. शुक्रवारी सकाळी त्यांना सूप दिले, तेही पाहिले. अकराच्या सुमारास त्यांचे पोट फुगून टणक झाले आणि उलट्या सुरू झाल्या. आतड्याला पीळ पडला होता. दुपारी दुसऱ्यांदा पोट उघडावे लागले. बाई थोडक्यात वाचल्या. आता उठून बसतात, पण अजून बोलवत नाही. त्यांच्या यजमानांनी सिस्टरने खोटी नोंद केली अशी तक्रार दिली आणि सिस्टरना कामावरून थांबवले. बाईंच्या यजमानांचा राग मला कळतो. फक्त तो चुकीच्या माणसावर निघतो आहे.

सिस्टर त्या वॉर्डात एकोणीस वर्षे आहेत. मला उलटी झाली तेव्हा त्यांनी ओंजळ पुढे केली होती. त्यांनी ऐकले ते लिहिले, विचारून लिहिले. खोटे मी बोलले, आणि लाजेपोटी आजपर्यंत तोंड शिवून बसले. याची मला फार शरम वाटते. हीच हकीकत मी इस्पितळाच्या चौकशीत सांगणार आहे, बाईंच्या यजमानांच्या तोंडावरही सांगणार आहे. सिस्टर कामावर परत येईपर्यंत जिथे विचारतील तिथे सांगेन. ज्यांना हसायचे त्यांनी हसावे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. मला सोबत म्हणून विहीणबाई आल्या होत्या, त्या बाहेर बाकावर होत्या. कशासाठी आलो ते मी त्यांना सांगितले नव्हते. वाचणे संपायच्या आत त्या आत येऊन उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही ओशाळाल म्हणून मी काही बोलले नाही. नोंद झाली म्हणजे त्यांना चहा देणार, हेही मला माहीत होतं." मग हवालदारांकडे वळून म्हणाल्या, "दुसरा कागद घ्या. माझाही जबाब लिहायचाय."

वाचून दाखवलेले माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, त्यातला एकही शब्द कमी करायचा नाही. खाली सही करून मी उठले आणि विहीणबाईंना खुर्ची दिली.