सातव्या ओळीतलं नाव

नाही डिपोटीसाहेब, तसं नाही, मास्तरांचं मौनव्रतच ते — बसा ना तुम्ही, शाळा तपासायला आलात आणि उभेच, शाळेत धड खुर्ची एकच, तिच्यावर मास्तर बसलेत, पण उठतील — उठले बघा — तर व्रतच. चातुर्मासाचं धरलेलं. हो, चातुर्मास केव्हाच सरला, होळी आठ दिवसांवर आली, मलाही कळतं. थोडं लांबलं.

बरं, नाही ते व्रत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवशी पाढे म्हणून घेताना यांचा आवाज गेला. गेला म्हणजे कसा, तेरा चोकपर्यंत होता, बावन्नला नव्हता. धुळ्याच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं, म्हणाले, दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आता मास्तरनं बोलायचं नाही म्हणजे करायचं काय? रजा घ्यावी, तर स्कूल बोर्ड बदली माणूस पाठवणार, आणि एकदा इथं बसलेला माणूस उठतो कशाला? यांची नोकरी मोजून दीड वर्षाची, अजून कायम व्हायची. मग आम्ही नियम बघितले. म्हणजे हे पाटीवर लिहीत आणि मी वाची. मास्तर सर्टिफिकेटवाला पाहिजे — आहे, ते काय काचेत लावलंय. शाळेच्या वेळात शाळेत हजर पाहिजे — एक दिवस चुकले नाहीत. बोलता पाहिजे असं कुठं लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

मग बोलतं कोण? कोण बोलणार, मी. धुळ्याची आहे मी, चार यत्ता झाल्यात, लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. आमची खोली ही अशी शाळेला लागूनच, म्हणून पहिले दोन दिवस ह्या मधल्या दाराआडून बोलले. पण दाराआडून फळा दिसत नाही, आणि पोरं एकमेकांना चिमटे काढतात तेही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी पदर डोक्यावरून घेतला आणि बाहेर आले. गावात दोन दिवस चर्चा झाली, मग पोरं घरी जाऊन पावकी-निमकीचे पाढे म्हणायला लागली. पाटलाची आई, तानुबाई, स्वतः दुधाचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "बठ्ठा गावले माहीत शे बाई, पन सायेबले कोनी सांगाव नही." आणि खरंच कोणी सांगितलं नाही, साहेब. तुम्हाला आत्ता मीच सांगतेय — बघा, खोकले. खोकला नाही तो, गप्प बस म्हणताहेत.

पण तुम्ही आलात त्या पोरासाठी. पितांबरचा मुलगा, हा पहिल्या ओळीत बसलाय. दिवाळीपासून एक दिवस शाळा चुकला नाही, अंगात ताप घेऊन आला, आणि हजेरीपटात दिवाळीपासून एक दिवस हजर नाही. दोन्ही खरं आहे. बोर्डाची नोटीस गेली त्याच्या बापाला, पोराला शाळेत का धाडत नाहीस म्हणून. बाप नोटीस घेऊन इथं आला, पोरगं बसलेलं बघितलं, आणि नोटीस वाचायला पोराकडेच दिली. हसला नाहीत तुम्ही. मीही हसले नव्हते.

त्याचं असं झालं — हजेरी मी पुकारते आणि हे खूण करतात. धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात यांना शिकवलंय, नाव पुकारावं, मुलानं उभं राहून हजर म्हणावं, मगच खूण करावी. पटाच्या सहा ओळी नीट जातात. सातव्या ओळीवर मी थांबते. ते काचेतलं सर्टिफिकेट वाचा, त्यावरचं पहिलं नाव — पाडव्याला ज्याचा पाला चावतात ना, त्या झाडावरचं — आणि आता पटातली सातवी ओळ वाचा. एकच ना? मग झालं. तुमच्या घरी बाई तुमचं नाव घेतात का? मी एकदा घेतलंय, उखाण्यात, तेही नणंदेनं दार अडवलं म्हणून. रोज अकरा वाजता सत्तावीस पोरांसमोर कोणता उखाणा घालू? म्हटलं, याला पितांबरचा म्हणून पुकारते. हे पाटीवर लिहितात, पटात आहे तेच नाव पुकारावे. म्हटलं, मग तुम्हीच खूण करा, पुढ्यात तर बसलाय. पाटीवर लिहितात, पुकारल्याशिवाय नाही. कॉलेजात तीन वर्षं शिकलेल्या थर्ड इयर ट्रेंड माणसाशी संसार सोपा नसतो, साहेब.

दोन महिने म्हणाले होते डॉक्टर, आता चार होत आले. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. संध्याकाळी विचारते, आला का आवाज? मान हलवतात. आणि पाटीवर लिहितात, आज भागाकार छान शिकवलास. ते मी पुसत नाही. म्हणजे पुसते, सकाळी, पाटी लागते म्हणून. मला आवडतं का? असलं काय विचारता. सर्टिफिकेट नसलेल्यानं आवडून घेऊ नये असाही नियम असेल एखादा.

काय? हजेरी — आत्ता, तुमच्यासमोर? बरं. तोताराम — अरे हजर म्हण, साहेबांकडे काय बघतोस. भिकन. अभिमन. रुपचंद. गिरधर. नथ्थू.

ही सातवी. तुम्ही पुकाराल का? नाही. कळतं मला — नाव घेतलं नाही तर पट खोटा, आणि पट खोटा तर यांची नोकरी जाणार. घेते. एक घोट पाणी पिते आणि घेते, पोरांनो, तिकडं बघा जरा —

कोण बोललं?

पोरगं तर उभं राहिलं, हजर म्हणालं. नाव पुकारलं कोणी? साहेब, तुमचे ओठ मिटलेले होते. अहो — तुम्ही? घोगरा नाही, फाटका नाही, चांगला मारुतीच्या पारापर्यंत गेला असेल. बंद राहिलेला आवाज आधी खरवडतो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. हा आजचा नाही. कधी आला हो? संक्रांतीला? आणि मी गुळण्यांचं पाणी तापवतेय. माझं शिकवणं बंद पडू नये म्हणून गप्प होतात?

मान खाली घातली बघा.

साहेब, पट तिथं आहे, मनाला येईल तो शेरा लिहा. पण आधी ही पोरं घेऊन बाहेर झाडाखाली बसा, पाढे विचारा, तीसपर्यंत येतात त्यांना. आणि जाताना दार ओढून घ्या.

पाटी कशाला उचलताय? ठेवा ती खाली. बोला आता.