खोली चौदामधला आरसा

नाव वर लिहून घेतले आहे, पण कॉलेजात मला सगळे केबलराव म्हणतात. वय ४७, धंदा नोकरी (कॉलेजच्या नेटवर्कची देखभाल), राहणार कर्मचारी निवास, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, खोली क्रमांक चौदामध्ये मी गेली नऊ वर्षे एक सर्व्हर चालवतो. जगात फुकट वाटले जाणारे सॉफ्टवेअर असते. त्याची हुबेहूब प्रत आम्ही ठेवतो आणि कोणीही यावे, घेऊन जावे. लांबच्या विहिरीचे पाणी दारातल्या हौदात भरून ठेवावे, तसे. याला मिरर म्हणतात. हवालदारसाहेबांनी दोनदा विचारले, म्हणून दोनदा सांगितले.

मध्यंतरी परिपत्रक आले की कार्यालयात इंग्रजी शब्द वापरू नयेत. मला नसता उत्साह. मी वार्षिक अहवालात लिहिले, ‘खोली चौदामध्ये आरसा सुस्थितीत चालू आहे,’ आणि सर्व्हरवर ‘आरसा’ अशी पट्टी चिकटवली. कोणी हसले नाही, याचे तेव्हा वाईट वाटले होते.

आज सकाळी साडेअकराला मिरर बंद पडला. खोलीत गेलो, तर सर्व्हर जागेवर नाही. गेटवरचा पहारेकरी म्हणाला, शिपाईमामा चादरीत काहीतरी गुंडाळून, लपवल्यासारखे नेत होते. मामा अर्धी रजा टाकून गेलेले. माझे डोके फिरले. इथे पोलीस चौकीत येऊन मी चोरीची तक्रार दिली आणि संशय म्हणून मामांचे नाव सांगितले. नऊ वर्षे ते मला चहा आणून देतात, हे तेव्हा सांगितले नाही.

पोलिसांनी मामांना डोळ्यांच्या दवाखान्यातून आणले. ते मामींना दाखवायला घेऊन गेले होते; मामी तिथेच रांगेत राहिल्या. मामांची निवृत्ती दोन महिन्यांवर आहे. नावावर गुन्हा लागला तर पेन्शन अडकते, हे मला माहीत होते.

वस्तू शिक्षिकांच्या खोलीत लावली आहे, असे मामांनी सांगितल्यावरून पावणेपाचला हवालदारसाहेबांबरोबर मी कॉलेजात गेलो. तिथे बेसिनवरच्या फळीवर सर्व्हर उभा केलेला होता, चकचकीत पुसून. खाली मामांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘आरसा खराब. तोंड दिसत नाही. दुसरा मागवणे.’ शिक्षिकांनी आरसा मागितला होता. त्यांच्या अर्जावर प्राचार्यांनी माझा अहवाल बघून शेरा मारला होता, ‘चौदामधला द्यावा.’ चादर काच फुटू नये म्हणून होती.

हवालदारसाहेब तिथेच खुर्चीत बसून हसले. मीही हसलो. मग परत आल्यावर मामांना विचारले, “अहो मामा, हा आरसा कसा असेल? जरा तरी शंका यायची.”

मामा म्हणाले, “आली की. पण पट्टीवर तुमचं अक्षर होतं. म्हटलं, केबलराव लिहितात म्हणजे असेलच आरसा.”

लाज वाटली, तसे लिहून घ्यावे.

सर्व्हर मिळाला, चालू आहे. चोरी झालेली नाही. चूक माझ्या शब्दाची आणि त्याहून माझ्या घाईची आहे. तसे माझ्या सेवापुस्तकात लिहिले तरी हरकत नाही. मामांच्या नावापुढे काहीही लिहू नये.

जबाब वाचून दाखवताना मोठ्याने वाचावा, म्हणजे बाहेर बाकावर मामांना ऐकू जाईल, अशी विनंती मी केली. तसा वाचला. बरोबर आहे.