पाहुण्यांसाठी मागितलेला मासा

नाही हो काका, तसं नाही — आधी आत या, जिन्यात नको. बसा. ती पिशवी द्या इकडे — नको? बरं, राहू द्या, खालीच ठेवा, फरशी काय, पुसता येईल. ते मेलं मांजर! कचऱ्याचा डबा मी झाकला होता हो, वर वीटसुद्धा ठेवली होती — वीट कशाला? वीट म्हणजे... मांजरं येतात म्हणून. नाही नाही, तुम्ही दिलेला मासा दर रविवारी नाही टाकत. आज काय झालं, यांचं पोट बिघडलंय, आणि मला एकटीला कुठे एवढा जाणार — म्हटलं खराब होण्यापेक्षा... हो, न चिरताच टाकला. तुमची सुतळी तशीच होती, कागदही तसाच. बघितलंत ना तुम्ही. आता काय लपवायचं.

गेल्या रविवारचाही टाकला. त्याच्या आधीचाही. आणि जिन्यात भेटलात की "काका, काय चव होती!" — तोंड वर करून. तुम्ही विचारलंत, आंबट घातलं होतंस का गं, तर म्हटलं, हो, थोडंसं. खोटं बोलायला लागले की मी मीठमसाल्यासकट बोलते.

तुमच्या मासळीत वाईट काही नव्हतं — नाही, तेच तर. होतं. तुमचा दोष नाही पण. नदीचा — नदीचा तरी काय दोष म्हणा. मी कुठे काम करते ते तुम्हाला ठाऊक आहे, पाणी तपासतात तिथे असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. नुसतं पाणी नाही हो तपासत. पाणी तसं बरं निघालं, बाटलीत धरलं तर पलीकडची भिंत दिसते. पण पुलाच्या खांबापाशी होडीतून दोरीनं लोखंडी डबा सोडला, तळातला गाळ वर काढला — काळा, लोण्यासारखा मऊ — त्यात पारा निघाला. तोच, थर्मामीटरमधला. वरच्या अंगाला कारखाने आहेत ना. पाणी वाहून जातं, गाळ बसून राहतो. गाळात किडे, किडे खातो बारका मासा, बारक्याला खातो मोठा, आणि प्रत्येकाच्या अंगात आधीच्याचं साठत जातं. म्हणजे मासा जितका मोठा तितकं — नाही काका, धुऊन नाही जात. तळूनही नाही. मांसातच असतं. वास नाही, चव नाही, तुम्हाला कळणार कसं? कुणालाच कळत नाही. आम्हाला कळतं.

मग सांगितलं का नाही? सांगणार होते. साहेबांनी सगळ्यांना समोर बसवून बजावलं, अहवालावर सही होत नाही तोवर बाहेर चकार शब्द नको, लोक उगाच घाबरतात. नोकरी आहे हो. मी म्हणायचे, आज होईल सही, उद्या होईल. कुणाला म्हणजे कुणालाच बोलले नाही — यांना सांगितलं, घरात कसं नाही सांगणार? आणि ताईला. ताई नदीपलीकडे राहते, तिची पोरं लहान आहेत, मासळीशिवाय जेवत नाहीत — तिला त्याच संध्याकाळी फोन केला. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून. म्हणजे तो चकार शब्द नदी ओलांडून ताईपर्यंत गेला. एक मजला खाली नाही उतरला.

असं बघू नका ना. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचंच. आणि तुम्ही दारात बूट घालत बसलेले, गळाची काठी भिंतीला टेकवलेली, "रविवारी काय आणू?" म्हणून विचारायला तयार. काकू गेल्यापासून तुम्हाला तेवढीच एक करमणूक, ती मी कशी हिसकावू — असं स्वतःलाच समजवायचे. किती चांगली मी! खरं सांगू? भीती वाटायची. एवढं सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं विचारलं असतं. कुठला मासा तपासला म्हणून.

तुमचा, काका.

पाहुणे येणार आहेत, मोठा मिळाला तर बघा, असं म्हणाले होते ना मी? तुम्ही दिवसभर उन्हात बसलात आणि केवढं धूड घेऊन आलात — माझ्या हातात देताना चेहरा असा फुललेला तुमचा. पाहुणे नव्हते. तपासणीसाठी आम्हाला मासे आणून देणारा त्या आठवड्यात फिरकलाच नाही, तुम्ही गळ टाकता त्या पुलाखालचा एक मासा कमी पडत होता. बर्फात घालून मीच नेला. मीच कापला, मीच आम्लात विरघळवला, आकडा मीच वाचला. चूक असेल म्हणून पुन्हा केला. तोच आला. सगळ्यांत वाईट तोच. आणि तुम्ही विचारलंत, पाहुण्यांना आवडला का — म्हटलं, बोटं चाटत होते.

तेव्हा तुमच्या सूनबाईला दिवस गेलेले नव्हते हो, शपथ. ते नंतर. म्हणजे... नंतर तुम्ही वर आलात, आजोबा होणार म्हणून सांगायला, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, आता हिला ताजी मासळी घालायची, पोराला ताकद येते. पोटातल्या बाळालाच ते जास्त बाधतं, मेंदू घडत असतो त्याचा — पाठ आहे मला हे, झोपेतून उठवून विचारा. आणि मी म्हटलं, हो, घाला.

रागावा ना. उद्या डॉक्टरांकडे मी येते सोबत, काय निघालंय ते मी सांगते त्यांना, साहेबांना काय करायचं ते करू दे. खाणं थांबवलं की हळूहळू उतरतं अंगातून, सगळंच बिघडलेलं असेल असं नाही — हा तळल्याचा वास कुठून येतोय? आमचा गॅस बंद आहे. खालून येतोय. आज दोन मिळाले होते ना तुम्हाला, एक मला दिलात, आणि दुसरा — सूनबाई जेवायला बसली? तुम्हीच बसवलीत, मी आलोच म्हणून? आणि मी इतका वेळ माझंच रडगाणं — उठा काका! शिव्या मागाहून द्या मला — नाही, राहू द्या, तुमच्याच्यानं धाववणार नाही, सरका, सरका बाजूला — सूनबाई! अगं ए सूनबाई, घास खाली ठेव!