न लागलेला पिवळा दिवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुण्या महापौरबाई, व्यासपीठावर विराजमान कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सदस्य, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे आपले मैदानप्रमुख, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, सगळे चालक, मेकॅनिक, त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्च्या अपुऱ्या पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे श्रोतेहो,

माझा आवाज आपल्याला नवा नाही. मनोऱ्यात बसून मोटारींच्या शर्यतीचं धावतं वर्णन करणारी बाई ती मीच. तिथे बोलताना पुढच्या क्षणी काय होणार हे मला ठाऊक नसतं. आज मी काय बोलणार हे मात्र आधीच ठाऊक असावं अशी कार्यवाहांची फार इच्छा होती. आधी निरोप आला, "ताई, भाषण लिहून दाखवता का?" मग, "निदान मुद्दे तरी सांगा." आणि काल, "थोडक्यात आटपा हं, चहा गार होतो." कार्यक्रमपत्रिकेवर माझं भाषण पहिलं होतं. ते सरकत सरकत पुष्पगुच्छ आणि चहा यांच्या फटीत येऊन बसलं. मी मुळात संशयी स्वभावाची नाही. ही सवय मला गेल्या हंगामानं लावली.

आधी मानाचं. ज्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. आज जिथे मैदान आहे तिथे पूर्वी पडीक माळ होता, आणि मैदानप्रमुखांनी तो स्वतः उभं राहून सपाट करून घेतला. गाडीच्या आत लोखंडी सांगाडा असल्याशिवाय शर्यतीत उतरायचं नाही, हा नियम त्यांनी लोकांचे शिव्याशाप खाऊन आणला. त्या सांगाड्यामुळे वाचलेले चालक या सभागृहात बसले आहेत. हे मी मनापासून सांगते आहे. पुढचं ऐकताना कुणी असं म्हणू नये, की बाई फक्त वाईट बोलायलाच आली होती.

महापौरबाई, आपण मातीवरची शर्यत पाहिली नसेल तर थोडं सांगते. डांबरावर गाडी वळते, मातीवर ती घसरवावी लागते. वळणावर गाडी आडवी होते, तोंड एकीकडे आणि धाव दुसरीकडे. माझा धाकटा दीर यात इतका तरबेज होता, की सगळे त्याला भोवरा म्हणायचे. माझ्या लग्नात तो शाळकरी होता. पुढे त्याच्याच शर्यतींचं वर्णन मी करायला लागले. घरी आल्यावर तो म्हणायचा, "वहिनी, माझं नाव घेताना तुमचा आवाज चढतो. दुसऱ्यांवर अन्याय होतो." मी म्हणायचे, "तू पुढे असतोस म्हणून चढतो. मागे राहून बघ, उतरेल."

त्या दुपारी पाणी मारूनही माती कोरडी होती. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या आणि थेट प्रक्षेपण चालू होतं. तिसऱ्या वळणावर एक गाडी गरकन फिरली आणि वाटेत आडवी थांबली. अशा वेळी पिवळा दिवा ताबडतोब लागला पाहिजे. तो दिसला की सगळ्यांनी वेग कमी करायचा. मी भोंग्यावर सांगितलं, "तिसऱ्या वळणावर गाडी आडवी उभी आहे." सगळ्या प्रेक्षकांनी ते ऐकलं. चालकांना मात्र इंजिनाच्या आवाजात, शिरस्त्राणाच्या आत, काय ऐकू येणार? त्यांना तो दिवा म्हणजेच सगळं.

दिवा लागला नाही.

मी दिव्याकडेच बघत होते. दोन गाड्या कशाबशा बाजूने निघाल्या. मग धुळीतून भोवरा बाहेर आला. समोर आडवी गाडी आणि तिच्यात बसलेला माणूस. त्यानं आपली गाडी बाहेरच्या बाजूला घातली. बाहेरच्या बाजूला काँक्रीटची भिंत होती. आडव्या गाडीतला तो चालक आज इथे, चौथ्या रांगेत, मान खाली घालून बसला आहे. बाबा रे, मान वर कर. तुझा काही दोष नाही, आणि आमच्या घरात तुला कुणी तसं म्हटलेलं नाही.

दिवा त्यानंतर लागला.

मग संघटनेची चौकशी झाली आणि तिचा निष्कर्ष याच सभागृहात वाचून दाखवण्यात आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, दिवा तात्काळ लावला होता. दोन, चालकानं मानेच्या आधाराचा पट्टा लावलेला नव्हता, म्हणून जीव गेला. मी उभी राहिले आणि म्हणाले, दिवा लागला नव्हता, मी बघत होते. तेव्हा व्यासपीठावरून अगदी मायेनं उत्तर आलं, "ताई, तुम्ही त्याच्या वहिनी. डोळ्यांत पाणी असताना माणसाला नीट दिसत नाही." मी म्हटलं, "पाणी नंतर आलं. दिव्याची वेळ त्याच्या आधीची आहे." त्यावर पुढचा विषय घेण्यात आला.

पट्ट्याबद्दल मात्र मी काय बोलणार? तो पट्टा माझी जाऊ लावायची. प्रत्येक शर्यतीआधी, शेडमध्ये, स्वतःच्या हातानं. लावून दोनदा ओढून बघायची. तो म्हणायचा, "शर्यतीआधीच गुदमरवतेस." निष्कर्ष ऐकल्यापासून तिचं जेवणखाण गेलं. भाकरी करता करता हात थांबायचा. मला विचारायची, "ताई, मी लावला होता ना? तुम्ही शेडवरून मनोऱ्याकडे जाताना बघितलं होतं ना?" मी बघितलं नव्हतं. नातेवाईक दबक्या आवाजात म्हणायला लागले, घाईत राहिलं असेल बिचारीकडून. सांगा, नवरा गेलेल्या बाईला स्वतःच्याच बोटांचा संशय यावा, याहून वाईट काय असतं? आणि तो संशय तिच्या मनात कुणाच्या सोयीसाठी पेरला गेला?

इस्पितळातून त्याच्या वस्तूंची पिशवी आली होती. ती उघडायचं धैर्य कुणाला नव्हतं. शेवटी माझ्या सासूबाईंनी उघडली. त्या आज इथे आल्या आहेत. त्यांना खांबाआडची खुर्ची दिली आहे, म्हणून व्यासपीठावरून दिसत नाहीत एवढंच. त्यांनी तो मानेचा आधार बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि जावेला हाक मारली. बक्कल घट्ट अडकलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी पट्टा कात्रीनं सरळ कापलेला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उघडं कुलूप कुणी फोडतं का?"

जाऊ त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. आणि मग जेवली.

आम्ही बचावपथकातल्या परिचारिकेला भेटलो. ती म्हणाली, "पट्टा मीच कापला. लावलेलाच होता, पण उघडत बसायला वेळ नव्हता. मला कुणी विचारलंच नाही." म्हणजे तिला न विचारताच पट्ट्याचा निष्कर्ष लिहून झाला होता.

सासूबाईंचं म्हणणं असं, की एक खोटं सापडलं की दुसरं जवळपासच बसलेलं असतं. म्हणून आम्ही दिवेवाल्यांकडे गेलो. पिवळा दिवा लावायचं काम त्यांचं होतं. अपघातानंतर त्यांची बदली वाहनतळाच्या फाटकावर झाली. बढती म्हणून, असं सांगतात. मनोऱ्यातून फाटकावर जाणं ही बढती कशी, ते मला कुणी समजावून सांगेल तर बरं. आम्हाला बघून ते उठून आत जायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मी भांडायला आले नाही. माझा मुलगा गेला, भांडून तो काही यायचा नाही. फक्त काय झालं ते सांग."

ते परत फिरले आणि त्यांनी फाटकाचा दांडा धरला. मग म्हणाले, "हात बटणावर होता, आजी. कानातल्या यंत्रातून आवाज आला, थांब, ही फेरी होऊ दे."

मी विचारलं, "कुणाचा आवाज?"

"ताई, त्या यंत्रावर माझ्याशी एकच माणूस बोलायचा." एवढं सांगून त्यांनी फाटक उघडलं, कारण मागे गाडी येऊन थांबली होती.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे बघितलंत ते माझ्या लक्षात आलं. संपवतेच. पट्टा आणि परिचारिकेचं म्हणणं दाखवल्यावर बाहेरच्या मंडळींकडून नवी चौकशी करायचं ठरलं. ती पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे. दिवेवाले तिथे बोलायला तयार आहेत. आणि हंगाम संपल्यावर व्हायची असलेली आपल्या मैदानप्रमुखांची निवृत्ती नेमकी या आठवड्यात आली. निवृत्त माणसाला चौकशीला बोलावता येतं, पण आणता येत नाही. योगायोग असेल. मी फक्त वर्णन करणारी बाई, जे दिसतं ते सांगते.

आता एक गोष्ट, जी कार्यवाहांनाही ठाऊक नाही. गेल्या रविवारी मैदानप्रमुख आमच्या घरी आले होते. पाण्याला हात न लावता बसून राहिले. मग मला म्हणाले, "निरोपाच्या दिवशी तुम्हीच बोलावं असं मी संघटनेला सांगितलं आहे. जे माहीत आहे ते सगळं बोला."

सासूबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही?"

"माझ्याच्यानं होणार नाही."

"चौकशीत?"

ते म्हणाले, "बघतो." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

ते गेल्यावर जाऊ म्हणाली, "त्यांना खरंच वाईट वाटतंय हो." सासूबाई म्हणाल्या, "वाटत असेल. कुणासाठी, ते अजून कळलेलं नाही."

मलाही कळलेलं नाही. या सभागृहात मी सगळं सांगावं, चार जणांनी डोळे पुसावेत, कुणीतरी म्हणावं की केवढं मोठं मन, ऐकून घेतलं, आणि चौकशीच्या दिवशी सगळ्यांना वाटावं की ते तर निरोप समारंभात मिटलं होतं. असं तर कुणाच्या मनात नाही? संशय घेतल्याबद्दल लोक मला बोल लावतील. लावू देत. ज्यांनी माझ्या जावेच्या बोटांवर संशय घेतला, त्यांना कुणी बोल लावला नाही.

गेल्या शनिवारी सगळ्या चालकांनी गाड्या रांगेत लावल्या आणि इंजिनं बंद केली. दिवा लावायचा की नाही हे फक्त दिवेवाल्यानं ठरवायचं, त्याच्या कानाशी कुणी असायचं नाही, हे मान्य होईपर्यंत एकही गाडी हलली नाही. संघटनेनं ते मान्य केलं, यंत्र काढून टाकलं. त्याबद्दल कार्यकारिणीचे आभार. चालकांचे त्याहून जास्त. पण यंत्र काढलं म्हणून त्यातला आवाज कुणाचा होता हा प्रश्न निघून जात नाही.

मैदानप्रमुख साहेब, आत्ता तुम्ही मान हलवलीत. मला मनोऱ्यातून तिसरं वळण दिसतं, इथून तुमची मानही दिसते. पण मान हलवणं मी उत्तर धरणार नाही. उत्तर मला इथे नकोच आहे. पुढच्या आठवड्यात त्या खोलीत या, खुर्चीवर बसा, आणि तोंडानं सांगा. दिवेवाले एकटेच येणार आहेत, त्यांच्याशेजारची खुर्ची रिकामी असेल. तुम्ही आलात, तर तुमच्या निवृत्त आयुष्याला मी खऱ्या मनानं शुभेच्छा देईन. आज दिल्या, तर त्या शिष्टाचाराच्या होतील, आणि तुम्हाला त्या ओळखू येतील.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, चहा थांबवून ठेवलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात शब्द कमीजास्त झाला असेल, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर तो दोष माझा, आणि त्याची मी हात जोडून क्षमा मागते. बाकीच्या चुकांची क्षमा मला मागता येत नाही. ती ज्याची त्यानं मागायची असते.