एकशे बारा किलोमीटर

मानेला पट्टा असल्यामुळे टेलरबाईंना मागे वळून बघता येत नव्हतं. पण फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मागच्या बाकावर बसलेल्या नवराबायकोचं बोलणं कान न टवकारताही ऐकू येत होतं.

“मोटरसायकल विकायची नाही, आधीच सांगून ठेवतो.”

“विका म्हटलं का मी? दीड वर्षात किती चालली, एवढंच विचारलं.”

“एकशे बारा किलोमीटर.”

“त्यातले पार्किंगमधले किती?”

“अगं, चारशे किलोचं धूड आहे ते! कुठल्या मोटरसायकलला रिव्हर्स गिअर असतो, सांग बरं?”

“तेवढाच तर वापरता. रविवारी मागे घ्यायची, पुसायची, परत जागेवर लावायची.”

“आणि मागची सीट? पाठीला टेकू, हाताला टेकू, थंडीत गरमसुद्धा होते. कुणासाठी घेतली?”

“माझ्यासाठी. बसलेही होते. फाटकातच आडवी केलीत.”

“वाळूवरून पाय सरकला माझा.”

“आणि पाठ धरली. ती सुटून तीन महिने झाले, डॉक्टर सांगून थकले.”

“अजून आतून दुखतं गं. एकदा बरं वाटलं की थेट समुद्रापर्यंत जाऊ.”

“माझी बॅग भरलेलीच आहे. स्वेटर दोनदा काढून उन्हात घातला, परत भरला.”

“परत पडलो तर? तुला भीती नाही वाटत?”

“वाटते की! म्हणून काय नुसती पुसत बसायची?”

तेवढ्यात नवऱ्याचा नंबर पुकारला. तो उठला आणि टेलरबाईंच्या खांद्याशी वाकला.

“ताई, मान फार दुखत असेल. तुम्ही जा आधी. आम्हाला कुठं घाई आहे?”

“मला आहे,” मागून बायको म्हणाली.