हिहोनचं पीस

दोमितिला: दोरा सैल पडलाय.

ओलिवा: तुम्हाला दिसतंय, की उगाच आपलं?

दोमितिला: मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कानांत नाही. ताठ ओढलेला दोरा गळाच्या दांडीवर कुरकुरतो. तुझा मघापासून मुका आहे. उसव.

ओलिवा: उसवते. एलादिओ म्हणायचा ते काही खोटं नव्हतं. तुमच्या हाताखाली लोखंडालाही रडू फुटेल.

दोमितिला: त्याचं नाव नको काढूस माझ्यासमोर. स्वतः बिल्बाओला दुसरीच्या घरात जाऊन बसलाय, आणि त्याची आई सुनेच्या जिवावर जेवतेय. अशा पोराचं नाव कशाला काढायचं?

ओलिवा: बरं, नाही काढत. ही झाली. आता हात पुढे करा. ट्राउट मासा भुलवायला पिसांच्या दोन खोट्या माशा बांधल्यात. गळ सारखाच, दोरा सारखाच, फक्त पिसं दोन वेगळ्या कोंबड्यांची. चांगली कुठली ते सांगा.

दोमितिला: माझी परीक्षा घेतेस?

ओलिवा: घेते. रविवारी नदी मासेमारीला खुली होतेय. माद्रिदचे साहेब लोक येतील माशा घ्यायला. त्याआधी मला कळायला हवं.

दोमितिला: मग आधी पाण्याची वाटी आण. सोड दोन्ही, अलगद. कशा बसल्यात?

ओलिवा: बसल्या कुठे, उभ्या आहेत. दोघीही टाचा उचलून. पोट कोरडं, शेपटी कोरडी.

दोमितिला: हां. म्हणजे ट्राउट खालून बघेल तेव्हा तिला आत्ता उडणारा किडा वाटला पाहिजे. भिजून बसलेली माशी बांधायला मी तुला शिकवलेलं नाही. पूस आणि दे इकडे.

(ती दोन्ही माशांची पिसं आळीपाळीने वरच्या ओठावरून फिरवते.)

दोमितिला: ही दुसरी बरी आहे, पण मऊ. म्हाताऱ्या कोंबड्याची. ही मात्र... अगं, टोचते बघ कशी! हे पीस आपल्या अंगणातलं. अक्रोडाखाली हिंडतो ना, त्या राखाड्याचं.

ओलिवा: नक्की?

दोमितिला: ह्यात जन्म गेला माझा.

ओलिवा: ते पीस हिहोनचं आहे, आई.

दोमितिला: कुठलं?

ओलिवा: हिहोनचं. माझ्या बहिणीच्या, फ्लोराच्या गच्चीवरचा कोंबडा. समुद्राच्या वाऱ्यात वाढलेला. आणि तुम्ही मऊ म्हणालात ते अक्रोडाखालच्याचं.

दोमितिला: थट्टा करतेस.

ओलिवा: धाकटा राखाडी सप्टेंबरात कोल्ह्याने नेला, असं सांगितलं होतं ना मी? कोल्ह्याने नाही नेला. मीच टोपलीत घालून पाववाल्याच्या गाडीतून फ्लोराकडे पाठवला.

दोमितिला: मी त्या कोल्ह्याच्या सात पिढ्या काढल्या! फास लावला त्याच्यासाठी!

ओलिवा: माहितीय. त्यात शेजारच्या निकानोरचं मांजर अडकलं.

दोमितिला: आणि आख्खी सॉसेज घालून त्या मांजराची मी समजूत काढली! अजून तोंड फिरवतं मला बघून. देवा रे, घरातच कोल्हा होता.

ओलिवा: शिव्या नंतर द्या. पिसाचं बोला.

दोमितिला: पिसाचं काय बोलायचं? तिकडे गेल्यावरच्या पहिल्या उपटणीचं असणार. अंगात अजून आपल्या नदीचं पाणी आहे त्याच्या. पुढच्या खेपेला फिकं पडेल.

ओलिवा: ही तिसरी उपटणी. आधीच्या दोन मी तुम्हाला दाखवल्या नाहीत.

दोमितिला: चंद्र कलता असताना उपटली होती?

ओलिवा: फ्लोरा चंद्र बघत नाही, सुट्टी बघते.

दोमितिला: मग मला काही कळेनासं झालंय.

ओलिवा: ह्या घरात आले त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. खोरं सोडलं की आपला कोंबडा साधा कोंबडा होतो, पिसांची चमक जाते, रश्श्यात टाकण्यापलीकडे त्याला किंमत नाही. फ्लोरा दर नाताळाला म्हणते, ये, वर खोली आहे, खाली दुकान आहे, तू माशा बांध, मी विकते. आणि मी दर नाताळाला सांगते, कोंबडे येणार नाहीत गं, मग मी येऊन करू काय?

दोमितिला: मी खोटं नाही सांगितलं. माझ्या सासूने मला सांगितलं, मी तुला. बाहेर नेऊन कुणी बघितलंच नव्हतं.

ओलिवा: एकानेही नाही? एवढ्या वर्षांत?

दोमितिला: कशाला बघेल? फिकं पडलं तर कोंबडा हातचा गेला. आणि नाही पडलं तर...

ओलिवा: तर काय?

दोमितिला: तर गावातल्या अर्ध्या बायका पहिल्या गाडीत चढल्या असत्या. मीसुद्धा.

ओलिवा: आई...

दोमितिला: आता तू चढ. जा.

ओलिवा: काहीतरीच काय?

दोमितिला: काहीतरीच नाही. बहीण बोलावतेय, कोंबडेही यायला तयार झाले, जा. मी निकानोरकडे जेवेन. मांजर माझ्याशी बोलत नाही, निकानोर बोलतो.

ओलिवा: आणि चूल कोण बघणार? टेबलावरचा चिमटा शोधायला तुम्ही सगळं टेबल चाचपडता. काल सूपमध्ये मीठ म्हणून साखर घातलीत.

दोमितिला: चांगलं लागलं ते.

ओलिवा: तुम्हीच तेवढं प्यायलात!

दोमितिला: मला उपकार नकोत. पोराने टाकलेली बाई सासूसाठी थांबली, किती गुणाची, हे ऐकून कान किटलेत माझे. कधी कधी वाटतं, तू माझ्या मरणाची वाट बघतेस.

ओलिवा: कधी कधी बघते.

दोमितिला: निदान खरं बोललीस.

ओलिवा: लगेच लाजही वाटते. तुम्हीच चला ना. फ्लोराची काही हरकत नाही. समुद्र आहे, डॉक्टर जवळ आहे, डोळेही करून घेऊ.

दोमितिला: मला टोपलीत घालून नेणार? मी कोंबडा नाही, ओलिवा. मी तिथे खरंच फिकी पडेन.

ओलिवा: असं बोलू नका.

दोमितिला: मग तू बोल. फ्लोराने पाठवलेलं पिसांचं पाकीट उघडलंस, तेव्हा काय वाटलं?

ओलिवा: आनंद झाला.

दोमितिला: नाक ओढत सांगतेस.

ओलिवा: वाटलं, फिकं असू दे. देवा, फिकंच असू दे. खिडकीपाशी नेलं तर असं चमकलं की परत पाकिटात कोंबलं. म्हणून दोन बांधल्या. म्हटलं, ओठाला लावून तुम्ही तरी नावं ठेवाल.

दोमितिला: अगं वेडे, फिकं असतं तर कायमची अडकली असतीस.

ओलिवा: अडकलेलीच होते. सवय झाली होती. कुणी विचारलं, का नाही जात, तर अंगणाकडे बोट दाखवायचे.

दोमितिला: आणि आता?

ओलिवा: आता तुमच्याकडे दाखवावं लागेल.